पौलाचा झगा

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलानं आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र आहे. त्याच्या शेवटी पौलाचा एक निरोप आहे. तुरुंगातून लिहितोय, मरण समोर दिसतंय, आणि सांगतो काय, तर त्रोवस गावी कार्पा नावाच्या माणसाकडे माझा झगा राहिलाय, येताना तेवढा घेऊन ये. पुढे म्हणतो, हिवाळ्याआधी ये. थंडीची काळजी लागलेला माणूस आहे तो.

त्या झग्यासाठी पत्रात जो ग्रीक शब्द आहे, तो म्हणजे रोमन लोकांचा ‘पेनुला’. जाड कापडाचं, डोकं घालायला मध्ये भोक ठेवलेलं पांघरूण. प्रवासी, सैनिक, गाडीवान, गुलाम, सगळेच थंडीपावसात ते घालायचे. आपल्याकडे शेतावर जाणारा माणूस पावसात घोंगडीची खोळ घेतो ना, त्याच कुळातली वस्तू. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेच्या, वेळी फादर सगळ्यांत वरून जे जरीकाम केलेलं वस्त्र घालतात, ते चॅझुबल, या पेनुलाच्या वंशातलं. त्याचं लॅटिन नाव ‘कासुला’, म्हणजे छोटंसं घर. किती मायेचं नाव!

सुरुवातीला धर्मगुरूंचा पोशाख वेगळा नव्हताच. ४२८ साली दक्षिण गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्समधले, काही जण निराळा वेश करू लागले, तेव्हा पोप पहिले सेलेस्तिन यांनी तिथल्या बिशपांना खडसावलं. लोकांत आपण उठून दिसावं ते शिकवणुकीनं, कपड्यानं नव्हे. वागण्यानं, वेशानं नव्हे, असं त्यांनी लिहिलं. पुढे लोकांचे कपडे बदलत गेले, आखूड झाले. वेदीपाशी जुनेच टिकले, आणि म्हणून ते वेगळे दिसू लागले.

मी वेदीसेवक होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई. फादर पवित्र भाकर उंच करू लागले की मागे गुडघे टेकून त्यांच्या चॅझुबलचा काठ उचलून धरायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. फार वर्षांनी मला ते उमगलं. मूळचं चॅझुबल घंटेसारखं घोळदार, दोन्ही हात झाकणारं. तेराव्या शतकात भाकर डोक्यावर धरून लोकांना दाखवायची रीत पसरली, आणि हात वर केले की तो सगळा भार हातांवर यायचा. तो सावरायला सेवक. नंतर जड किनखाप आला, भरतकाम आलं, कापड दुमडेना. मग शिंपी बाजू कापत गेले, ते पार पुढं-मागं दोन ताठ पट्टे उरेपर्यंत. घोळ गेला. काठ धरणारा मुलाचा हात मात्र शतकानुशतकं तिथेच राहिला, आणि एके काळी तो माझा होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

फादरांच्या डाव्या हातावर मॅनिपल नावाची एक पट्टी असे. मुळात तो हातरुमाल. ती घालताना म्हणायची प्रार्थना अशी : प्रभो, अश्रूंची आणि दुःखाची पेंढी वाहायला मी पात्र ठरो. १९६७ साली ती घालणं ऐच्छिक झालं आणि ती कपाटात गेली. मला तिची हळहळ आहे.

१९६९ साली रोमनं, म्हणजे पोपच्या कार्यालयानं, मिस्सात भारतीय रीती आणण्याचे बारा मुद्दे मान्य केले. त्यात चॅझुबलऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्र चालेल, असंही होतं. आपल्यातल्याच पुष्कळांना ते खटकलं. हे परक्या धर्माचं, बाहेरचं, असं त्यांना वाटलं. त्यांची श्रद्धा मी जाणतो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की पेनुलाही बाहेरचीच होती. रोमच्या रस्त्यावरची, भिजत चाललेल्या गाडीवानाच्या अंगावरची.