तड्याला भोक मारताय? आधी टोक शोधा

राम राम मंडळी. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा एकच प्रश्न येतोय: "भाऊ, पोलादी प्लेटच्या तड्याच्या टोकाला भोक मारलं की तडा थांबतो ना?"

कुठला तडा? थकव्याचा (फटीग) तडा भार पुन्हापुन्हा येतो तसा फेरीगणिक किंचित सरकतो. ठिसूळ तडा सेकंदाला शेकडो मीटर पळतो, त्याला ड्रिल घेऊन कोण गाठणार? भोक फक्त पहिल्यासाठी.

आणि दिसतं ते टोक खरं टोक नसतं! रंग काढा, पण ग्राइंडर दाबून फिरवू नका, धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं. मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात रंग मुरवून तो शोधणं): लाल स्प्रे, दहाएक मिनिटं दम धरा, कापडानं पुसा. क्लीनर थेट प्लेटवर मारलात तर तड्यातला रंगही धुतला जातो. मग डेव्हलपर, म्हणजे तड्यातला रंग वर ओढून दाखवणारी पांढरी पावडर. प्लेटच्या दोन्ही बाजू बघा, जिकडे टोक पुढे असेल ते धरा.

टोक भोकाच्या आत कापलं गेलं पाहिजे. भोकाच्या भिंती गुळगुळीत करा, बर (भोकाच्या कडेला राहिलेली धारदार किनार) काढा आणि पुन्हा डीपी मारा. पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका दिसला? टोक अजून पुढेच आहे, मेहनत वाया.

"६ मिमीचं चालेल का?" गर्डरला नाही. भोक लहान तेवढा कडेचा ताण तीव्र, नवा तडा तिथूनच. २५ मिमीच्या आसपास विचार करा, नेमका आकार डिझाइनवाल्याला विचारून. आणि ते भोक वेल्डनं भरू नका. नाही म्हणजे नाही.

आता पळणारा तडा. प्लेटमध्ये साठलेली ताणाची ऊर्जा त्याला ढकलते. ती कमी पडली किंवा पुढे चिवट पोलाद आलं, तर थांबतो. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या शांत धक्क्यावर उभं 'शेनेक्टडी' टँकर जवळपास दुभंगलं. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे सलग पोलाद, तड्याला अडवणार कोण? म्हणून पुढे वेल्डच्या जहाजांतही मुद्दाम रिव्हेटचे जोड ठेवले.

"आपल्याकडे ४५ डिग्री, ठिसूळपणा कसला?" धुळ्यात थंडीत पारा १० च्या खाली जातो की. जाड प्लेट, खाच, वेल्डचा उरलेला ताण यांत गारठ्याची भर. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकात 'ए' प्रतीला इम्पॅक्ट टेस्ट (खाचेचा तुकडा हातोड्यानं तोडून चिवटपणा मोजणं) नाही, 'बीआर' ला मागितली तरच, 'बीओ' ला ० अंशाला, 'सी' ला उणे २० ला. प्लेटसोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर इम्पॅक्टचा रकाना रिकामा असेल, तर गाडी खाली करायच्या आधी विचारा.