टाकीच्या आत

[कॅमेऱ्याची नळी टाकीच्या तोंडातून आत उतरते]

पेन्सिलीएवढा कॅमेरा, वायरने मोबाइलला जोडलेला. आता तो येझदी मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत उतरतोय. वरचा पत्रा अजून बरा आहे, मधूनच चकाकतो. खाली गेलं की रंग बदलतो. आधी पिवळट, मग विटकरी, आणि तळाशी, पेट्रोल सोडायच्या कॉकच्या भोकाजवळ, नुसते पापुद्रे. एक पापुद्रा नळीच्या धक्क्यानेच सुटला, दिसला?

आता हीच टाकी बाहेरून पाहा. मरून रंग, सोनेरी रेघ, उजव्या गुडघ्याच्या जागी एक जुना पोचा. बाहेरून बघणारा म्हणेल, हिला काय झालंय?

[नवापुऱ्यातली गल्ली, दुकान]

बडोद्याचा नवापुरा. दुकानाला पाटी नाही. टाकीवाले मिस्त्री कुठे बसतात, असं विचारत गिऱ्हाईक येतं. इथे इंजिन उघडत नाहीत, ब्रेक बघत नाहीत. फक्त टाक्या. भिंतीला टांगलेल्या, स्टुलाखाली सरकवलेल्या, काही तर कुणी न्यायलाच न आलेल्या. बुलेट, राजदूत, आरएक्स हंड्रेड. मिस्त्री मांडणीकडे न बघता हात घालतात आणि हवी ती टाकी काढून देतात.

ही येझदी रोडकिंग समा भागातल्या एका सोसायटीत, तळमजल्यावर उभी असायची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि सोसायटीत पाणी शिरलं. पुराचं चित्रण आमच्याकडे नाही. पार्किंगच्या खांबावर ही मातकट रेघ आहे, तिच्या उंचीवरून अंदाज घ्या. सीट, टाकी, हँडल, सगळं त्या रेघेच्या खाली. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. पाणी आत जायला तेवढं पुरतं.

इंजिन दुसऱ्या एका मेकॅनिकने दिवाळीपर्यंत उघडून साफ करून दिलं. टाकी मात्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. ती घेऊन आलेली ही मुलगी. गाडी तिच्या वडिलांची. ते मागे उभे आहेत, कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही म्हणाले.

"काका, नवीच मिळत नाही का?"

"मिळते की ताई. पण ती अंगठ्याने दाबून बघ एकदा. येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. हा पत्रा आता कोण देतंय?"

ती कलाभवनात इंजिनिअरिंग शिकते. कलाभवन म्हणजे आज सयाजीराव विद्यापीठाचा अभियांत्रिकी विभाग. पण १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलं, तेव्हा हेतू सरळ होता: या गावातल्या हातांना शास्त्र मिळावं. कापड रंगवणं, यंत्रकाम, चित्रकला तिथे शिकवली जाई. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. मिस्त्रींचं दुकान तिथून फार लांब नाही, पण त्या फाटकातून ते कधी आत गेलेले नाहीत. आत जे शिकवतात त्यातलं बरंचसं त्यांना हाताने येतं. कसं, ते आता बघा.

[काचेची बाटली, पांढऱ्या कागदासमोर]

आधी एक प्रयोग. आजच पंपावरून आणलेलं लिटरभर पेट्रोल. त्यात चमचाभर पाणी टाकलं, बाटली हलवली. पाणी गेलं कुठे? विरघळलं. आणखी टाकलं, आणखी टाकलं. आता पेट्रोल गढूळ झालं, आणि थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर बसला. मिस्त्री नखाने रेघ दाखवतात. जेवढं पाणी टाकलं त्यापेक्षा हा थर जाड आहे, कारण पाण्याने इथेनॉलला, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या अल्कोहोलला, सोबत खाली ओढलंय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. ते गाडीला चांगलं की वाईट, या वादात आपण पडत नाही. रोज चालणाऱ्या गाडीत पाणी साठायला वेळच मिळत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हा थर तळाच्या पत्र्याला चिकटून बसतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता टाकी. कॉक काढला, झाकण काढलं. उरलंसुरलं पेट्रोल फडक्यातून गाळलं. फडक्यावर जे राहिलं ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन अडकतं, आणि मग गाडी सिग्नलवर बंद पडते.

यानंतर लोक घाईने ॲसिड ओततात. मिस्त्री आधी धुण्याचा सोडा टाकून कडकडीत पाणी भरतात. येझदी टू-स्ट्रोक, तिच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, म्हणजे टाकीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा तेलाचा ओशटपणा. तेलावर ॲसिड चालत नाही. ते गंजाला शिवतसुद्धा नाही, वरून घसरून जातं. हे पाणी तीनदा बदललं. पहिल्यांदा काळं, तिसऱ्यांदा चहाच्या रंगाचं.

[सायकलचा पंप, साबणाचा फेस]

मग भोकं शोधायची. कॉकच्या जागी बूच, झाकणाच्या जागी रबर, आणि सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा. जास्त भरली तर टाकी फुगते आणि फुगलेला पत्रा परत बसत नाही. खालच्या शिवणीवर साबणाचं पाणी. इथे बुडबुडा. आणि इथे, अगदी बारीक, एकामागून एक. मिस्त्री खडूने खुणा करतात. गळत्या टाकीवर साबणाची वडी घासून घरापर्यंत जाता येतं, हे बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या स्कूटरवाल्याला माहीत आहे. तो उपाय घरापर्यंतचाच.

यातलं एक भोक सुईएवढं आहे, ते शेवटी आतून द्यायच्या लेपाने बुजेल. दुसऱ्याच्या भोवतीचा पत्रा नखाने दबतो. तिथे डाग, म्हणजे कथलाचा जोड, द्यावा लागेल, आणि तोही लेपाच्या आधी. आच लागली की लेप जळतो.

आता मिस्त्री टाकी पाण्याने भरतायत. भोक वर येईल अशी ठेवून, भोकाच्या जरा खालपर्यंत. लक्ष देऊन बघा, कारण ही पायरी गाळल्याने माणसं भाजली आहेत. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात, आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरे. महिनाभर उघडी पडलेल्या टाकीच्या शिवणीतही वाफ धरून राहते. पाणी भरलं की वाफेला जागा उरत नाही. मग खाया, म्हणजे कथील वितळवायचं अवजार, मग डाग. ज्योत नाही, तापवलेला खाया. आवाज ऐका.

[लिंबाची फुलं, बादली]

गंज काढायला मिस्त्री संडास धुवायचं ॲसिड वापरत नाहीत. ते गंजाबरोबर पत्राही खातं. त्यांचं औषध वाण्याकडचं: लिंबाची फुलं, ढोकळ्यात घालतात ती, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला शंभरेक ग्रॅम, कोमट पाण्यात. त्याआधी टाकीत मूठभर नट टाकून ती गोणपाटावर घुसळायची, सुटा गंज पडून जातो. नट मोजून टाकायचे आणि मोजून काढायचे. वडिलांनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं: "एक कमी आहे." बाहेर काढलेल्या गाळात तो सापडला.

द्रावण रात्रभर राहिलं. सकाळी ओतलं तेव्हा गडद पिवळं पाणी आणि आत राखाडी, स्वच्छ पत्रा. पण याचं कौतुक करत बसायला वेळ नाही. ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा पिवळा पडायला लागतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, साध्या पाण्याने खळखळून धुतली, आणि लगेच फॉस्फोरिक ॲसिडचं हलकं पाणी फिरवलं. त्याने पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर धरतो, गंज थोपतो आणि लेपालाही पकड मिळते. मग स्पिरिट, पाण्याचा शेवटचा थेंब सोबत घेऊन जायला. स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावरच ब्लोअर. मिस्त्री टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतात, मग बटण दाबतात.

हातमोजे नाहीत, मास्क नाही. आणि हे सगळं पाणी दुकानासमोरच्या गटारात गेलं.

[दोन डबे, लाकडी काडी]

आता लेप, ज्यासाठी सगळे येतात. इपॉक्सी, म्हणजे राळेसारखं चिकट रसायन, आणि ते घट्ट करणारा हार्डनर. गिऱ्हाइकाला वाटतं, जादू या डब्यात आहे. मिस्त्रींच्या हिशेबात काम खरं म्हणजे संपलंय. ओलसर किंवा ओशट पत्र्यावर भारीतला भारी लेप दिला तरी वर्षभरात तो कातडीसारखा सुटतो आणि कॉकच्या तोंडाशी गोळा होतो. मग तो खरवडायला लागतो, आणि ते काम कुणी घेत नाही.

दोन्ही एकत्र झाले की डबा हातात गरम व्हायला लागतो, म्हणजे घाई करायची. कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट, झाकणाच्या कडेला टेप. ओतलं. आणि आता हे बघा: टाकी उजवीकडे, डावीकडे, उताणी, तोंडावर. मिस्त्री ती पोटाशी धरून सावकाश फिरवतायत आणि आत लेप कुठे पोचला ते आवाजावरून ओळखतायत. आम्ही हे दृश्य कापलेलं नाही.

मग जास्तीचा लेप निथळून बाहेर. तळाशी डबकं राहिलं तर ते नीट वाळत नाही, सोलतं. बोल्ट वेळेवर सोडवायचा, नाहीतर तो टाकीचाच होतो. वाळायला चार दिवस. पावसाळ्यात मिस्त्री आठवडा सांगतात आणि गिऱ्हाईक रोज फोन करतं.

[कॅमेऱ्याची नळी पुन्हा आत]

तोच कॅमेरा, तीच टाकी. तळ आता गुळगुळीत, करड्या रंगाचा. डागाच्या जागी हलका उंचवटा, बस्स.

टाकी बसली, पेट्रोल-ऑइल भरलं. वडिलांनी किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली.

मिस्त्री मुलीला सांगतायत: "पहिली टाकी संपली की कॉकची जाळी काढून बघ. काही दिसलं तर इकडे ये."

"आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर?"

"भरून ठेव. हवेला जागा कमी, पाणी कमी. पण गळ्यापर्यंत नको, ऊन लागलं की पेट्रोल फुगतं. दोन बोटं खाली."