दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळचे सात. इंदूरच्या रामबागेत कचरागाडीचं गाणं अजून दोन गल्ल्या लांब आहे. इकडे काकूंनी दूध तापायला ठेवलंय. पिशवी कापताना त्यांचा हात बघा. कात्री कोपऱ्यावर चालते, पण कोपरा तुटत नाही, लोंबत राहतो. तो नखाएवढा तुकडा सुटला, तर भाजीच्या देठांत जातो आणि पुढे कुणाच्याच हाती लागत नाही. रिकामी पिशवी विसळून त्या दोरीवर टाकतात. "ओली दिली तर बाकीचा सुका कचराही खराब होतो हो," काकू सांगतात.

ओला-सुका वेगळा करण्याची सक्ती केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी देशभर केली. इंदूरने ती अंगवळणी पाडून घेतली. गाडीला वेगवेगळे कप्पे आहेत. डायपर वेगळे, जुने सेल वेगळे.

देठं, सालं, शिळी पोळी जातात देवगुराडियाला. इथे वर्षानुवर्षं कचऱ्याचे डोंगर होते. ते खणून, चाळून सुमारे 100 एकर जमीन मोकळी झाली. तिथेच 19 फेब्रुवारी 2022 ला बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. त्याचा लगदा बंद टाक्यांत हवेविना कुजतो, जिवाणू मिथेन सोडतात, तो शुद्ध करून गाड्यांत भरतात. रोज 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत, असा हिशोब. पण लगद्यात प्लॅस्टिक शिरलं की यंत्रंही अडतात आणि खतही नासतं.

सुक्या कचऱ्याकडे मात्र जरा थांबू या. यंत्रं इथेही आहेत, तरी शेवटची पारख हातांचीच. पट्टा सरकत असतो, दोन्ही बाजूंना बायका उभ्या. पन्नी इकडे, पुठ्ठा तिकडे. चुरगळल्यावर कुठलं प्लॅस्टिक कसं वाजतं, हे त्यांच्या कानांना ठाऊक आहे. पाण्याची बाटली निराळी, तिचं झाकण निराळं. दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला, तर बाटलीचा बुडतो, झाकणाचा तरंगतो. त्या बुडलेल्या चुऱ्यापासून पुढे धागा निघतो. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. या बायकांना कारागीरच म्हणायला हवं, आणि मोलही कारागिराचंच मिळायला हवं.

पट्ट्यावरून एक दुधाची पिशवी येते. कोरडी, स्वच्छ, कोपरा लोंबतोय. मावशी ती उचलतात, न झटकताच ढिगात टाकतात. हात पुढच्या वस्तूकडे वळलेला असतो.