विश्वाच्या समीकरणाचं वर्गमूळ

(दृश्य : कुलाबा, नेव्ही नगर. समुद्रालगतची इमारत.)

दक्षिण मुंबईच्या या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, सगळ्यांच्या तोंडी टीआयएफआर. होमी भाभांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली.

(दृश्य : फळा. खडू चालतोय.)

विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं. एकावर ४३ शून्यं द्या, सेकंदाचे तेवढे भाग करा. त्यातल्या पहिल्या भागापाशी आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं गणित एकट्याने पुरत नाही. तिथे अख्खं विश्वच क्वांटम नियमांत, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांत, मांडावं लागतं. फळ्यावरचं हे व्हीलर-डविट समीकरण त्यासाठीच, १९६७ चं. त्यात काळ कुठेच नाही!

आता ही खालची ओळ. १९२८ मध्ये पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या समीकरणाचं जणू वर्गमूळ काढलं. त्यातून इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत फिरकीसारखा गुण, आपसूक निघाला; पुढे प्रतिकणही, म्हणजे उलट विद्युतभाराचा जुळा. १९३२ मध्ये इलेक्ट्रॉनचा हा प्रतिकण, पॉझिट्रॉन, खरोखर सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल, ते डिरॅकच्या सिद्धान्तावरून केंब्रिजमधल्या तरुण भाभांनी मांडलं. १९३६ चा तो निबंध. जग आजही त्याला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतं.

१९७६ मध्ये सुपरग्रॅव्हिटी आली : आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि सुपरसिमेट्री एकत्र. सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक कणाला वेगळ्या स्पिनचा जोडीदार असतो ही कल्पना. गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या ग्रॅव्हिटॉनला तिने जोडीदार दिला : ग्रॅव्हिटिनो, स्पिन ३/२. पुढच्याच वर्षी क्लाउडिओ टायटेलबॉइम यांनी दाखवलं, की सुपरग्रॅव्हिटीचे नियम हे आइन्स्टाइनच्या नियमांचं वर्गमूळ आहेत. म्हणजे डिरॅकची तीच युक्ती, या वेळी सबंध विश्वाला लावलेली. समीकरणं एका पायरीने सोपी होतात. काही साध्या नमुना-विश्वांची उत्तरं तर हाताने लिहिता येतात.

(दृश्य : ग्रंथालय. १९८३ चा बांधीव खंड.)

या खंडात विश्वशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि थाणू पद्मनाभन यांचं काम आहे. दोघेही तेव्हा याच संस्थेत होते. क्वांटम चढउतार धरले, तर आरंभी सगळं एका बिंदूत कोंबलेलं असण्याची शक्यता जवळपास उरत नाही, असं त्यांचं गणित सांगत होतं. नारळीकरांच्या विज्ञानकथा आपल्या घराघरांत आहेत. हे काम तिथवर पोचलं नाही, आणि ते पोचायला हवं.

(दृश्य : फळा, जवळून.)

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, कण एकमेकांवर आदळवणाऱ्या त्या यंत्रात, सुपरसिमेट्रीचा एकही जोडीदार कण अजून मिळालेला नाही.

फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न वेगळा आहे. वर्गमूळ काढल्यावरही एकाहून जास्त उत्तरं उरतात. त्यांतलं आपलं विश्व कोणतं, हे ठरवायला वेगळी अट लागते. १९८३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी अशी एक अट सुचवली : विश्वाला आरंभाची कडाच नाही. सुपरग्रॅव्हिटीची समीकरणं ही अट स्वतःहून मान्य करतात का, ते इथे तपासायचं आहे.