किलेवेन्ट : एका दाराचं लांब घर

(दृश्य : झाडांच्या कडेला एक लांबलचक, बुटकं दगडी घर. फक्त वाऱ्याचा आवाज.)

हे किलेवेन्ट. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात आज ते उभं आहे, पण ते इथलं नव्हे. मध्य वेल्सच्या डोंगराळ, पावसाळी क्लायरवेन खोऱ्यातलं हे शेतघर. १९५५ साली ते तिथून उतरवलं, इथे पुन्हा उभारलं आणि १९५९ साली लोकांसाठी खुलं झालं.

आधी दार बघा. गाई याच दाराने आत यायच्या आणि घरची माणसंही याच दाराने.

(दृश्य : कॅमेरा दारातून आत शिरतो.)

आत आलं की आडवा बोळ लागतो. बोळाच्या एका अंगाला चूल, माणसांची बसण्या-निजण्याची जागा. दुसऱ्या अंगाला गोठा. वर छप्पर एकच. वेल्श भाषेत अशा घराला 'टी हीर' म्हणतात. 'टी' म्हणजे घर, 'हीर' म्हणजे लांब.

अशी घरं बांधताना जमिनीचा उतार आडवा धरत नसत. घराची लांबी उताराच्या दिशेने ठेवायची, वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गुरं. शेण-मूत खालच्या अंगाने बाहेर निघून जायचं, चुलीकडे यायचं नाही. गुरांच्या अंगाची ऊब मात्र भिंतीआडून मिळायची. घराची पहिली रेघ गोठ्याची सोय बघूनच आखली जायची, आणि मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

(दृश्य : दगडी भिंतीवरून हळूहळू वर, छपराच्या आतल्या लाकडांकडे.)

आता वर बघा, कारण या घराची खरी गोष्ट वर आहे. हे घर मुळात दगडाचं नव्हतंच. १४७० च्या सुमारास ते उभं राहिलं ते लाकडाचं. त्याचा सांगाडा 'क्रक' पद्धतीचा. त्यासाठी नैसर्गिक बाक असलेलं लाकूड शोधायचं. ते उभं चिरलं की एकसारखे बाक असलेले दोन तुकडे मिळतात. ते समोरासमोर उभे करायचे आणि शेंडे आढ्यापाशी जोडायचे. हात जोडावेत तशी जोडी तयार होते. वेल्सच्या मध्ययुगीन कायद्यात घराची किंमत ठरवताना छप्पर पेलणाऱ्या अशा लाकडांचा हिशोब धरत. घर म्हणजे मुख्यतः हीच लाकडं!

छपराचा भार या जोड्यांवर, भिंतीवर नाही. भिंत फक्त वारा-पाऊस अडवते. म्हणून १७३४ साली घराच्या बहुतेक भिंती दगडात नव्याने बांधता आल्या. जुन्या सांगाड्याभोवती नवं दगडी कवच चढलं. बाहेरून पाहणाऱ्याला अठराव्या शतकातलं घर दिसतं, आत मान वर केली की त्याहून अडीचशे वर्षं जुनं. मला हे घर आवडतं ते या जोडकामासाठी. जे जुनं टिकलं होतं, ते कुणी उगाच काढून टाकलं नाही.

(दृश्य : भिंतीतले दगड, सांधे, अगदी जवळून.)

अशी घरं वाचावीत हा ध्यास योरवर्थ पीट यांचा. १९४८ साली हे संग्रहालय सुरू झालं तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख होते. राजवाडे-किल्ले जपणारे पुष्कळ होते. शेतकऱ्याचं घर हाही राष्ट्राचा ठेवा आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. लांब घर हेच वेल्सचं मूळ घर, हे त्यांचं मत पुढच्या सगळ्या अभ्यासकांना पटलं नाही. पण त्यांच्यासारख्यांनी हट्ट धरला म्हणून अशी घरं आज पाहायला मिळतात. घर हलवायचं म्हणजे दगड-लाकडांवर खुणा करायच्या, नकाशे काढायचे, एकेक भाग सोडवायचा आणि नव्या जागी त्याच क्रमाने पुन्हा रचायचा.

आतली मांडणी आज १७५० च्या सुमाराची आहे.

(दृश्य : चूल. मग बोळ. मग रिकामा गोठा.)

हिवाळ्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस कोसळतोय, एखादी गाय व्यायला झालीय. घरातलं कुणीतरी चुलीपासून उठतं, दिवा उचलतं. अंगावर पाणी न घेता बोळातून चार पावलं टाकली की ते तिच्याजवळ पोचतं.