नेम नक्की कुठल्या डोळ्याने धरताय?

मंडळी, बसल्या बसल्या एक काम करा. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे पुढे, आणि बोटं-अंगठे एकमेकांवर चढवून मधे एक छोटं भोक ठेवा. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. दिसलं? हात अजिबात न हलवता डावा डोळा मिटा. घड्याळ अजून दिसतंय तर तुमचा उजवा डोळा डॉमिनंट, गायब झालं तर डावा. मागच्या रांगेत कुणीतरी आत्ताच "अरेच्चा" म्हणालं, त्यांनी जरा नीट ऐका, धनुष्याने नेम धरताना कुठला डोळा वापरायचा यावरचं हे व्याख्यान मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

ही टेस्ट एकदा करून सोडू नका, कारण माणूस नकळत नेहमीच्या हाताकडे झुकतो, म्हणून हातांची वरखाली अदलाबदल करून चार-पाच वेळा करा. नुसतं बोट किंवा काठी लांबच्या वस्तूच्या रेषेत धरून एकेक डोळा मिटायचा, ही याच्याहून जुनी पद्धत, ती इटलीच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५९३ साली लिहून ठेवलीय. आणि डॉमिनंट म्हणजे जास्त चांगलं दिसणारा डोळा असं नाही हां. नंबर जास्त असलेला डोळासुद्धा डॉमिनंट निघू शकतो. वस्तू नेमकी कुठल्या दिशेला आहे हे ठरवताना मेंदू ज्या डोळ्याचं ऐकतो तो डॉमिनंट, इतकंच.

आता गंमत बघा. उजव्या हाताची माणसं साधारण ९० टक्के, पण उजवा डोळा डॉमिनंट असणारी साधारण दोन तृतीयांशच. म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा अशी भरपूर माणसं आहेत आणि रोजच्या जगण्यात त्यांचं काही म्हणजे काही अडत नाही. अडतं ते धनुष्य हातात घेतल्यावर. साधा लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीचं लांब धनुष्य घ्या, साइट म्हणजे नेम धरायची खूण वगैरे काही नाही, बाणाच्या टोकानेच नेम धरायचा. दोरी उजव्या हाताने ओढलीय, बाण उजव्या डोळ्याखाली आलाय, टोक डोळ्यापासून पाऊण मीटरवर, सावज २० मीटरवर आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६ सेंटीमीटर. आता मेंदूने ते टोक गुपचूप डाव्या डोळ्याने सावजावर नेऊन ठेवलं तर बाण जातो सुमारे दीड मीटर डावीकडे. शाळेतल्या समरूप त्रिकोणाचा हिशोब आहे, घरी करून बघा. आणि नेम धरणाऱ्याला मात्र शपथेवर वाटत असतं की टोक बरोब्बर सावजावर होतं, होतंच ते, फक्त दुसऱ्या डोळ्याच्या हिशोबाने.

मग करायचं काय? लहान मूल असेल किंवा कुणी अगदी नव्याने शिकत असेल तर माझं स्पष्ट मत आहे, डोळ्याच्या बाजूचं धनुष्य द्या, हात शिकतो. पहिले काही आठवडे अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. अर्जुन सव्यसाची होता, दोन्ही हातांनी बाण सोडायचा, आपल्याला तेवढं नकोय, एका बाजूने धड मारता आलं तरी बास. पण ज्याने वर्षानुवर्षं उजव्याने मारलंय आणि खांदा-पाठ सगळं त्या बाजूला घडलंय, त्याने हात बदलायच्या फंदात पडू नये असं मला वाटतं. त्याच्यासाठी डावा डोळा झाकणं सोपं. चष्मा असेल तर डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, उजेड आत येतो पण चित्र येत नाही. घट्ट डोळा मिटण्यापेक्षा हे बरं, कारण एक डोळा आवळून धरला की दुसऱ्याच्या आसपासचे स्नायूही ताणले जातात.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कुठलाही कोच सांगेल. मला जे सांगायचंय ते पुढे आहे. भर दुपारी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, केलेली ही टेस्ट झुंजुमुंजू उजेडात लागू पडेलच असं नाही, आणि शिकारीचे बरेचसे क्षण नेमके पहाटे नाहीतर तिन्हीसांजेलाच येतात.

कारण सांगतो. आता बहुतेकांच्या हातात कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं बसवलेलं धनुष्य असतं, अमेरिकेत होलेस ॲलनला त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. त्यात दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचं वजन एकदम उतरतं, या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात, ६० पौंडाचा बो ८० टक्के लेट-ऑफला फक्त १२ पौंडावर धरून ठेवता येतो, त्यामुळे सावज आडवं उभं राहीपर्यंत तुम्ही पीपमधून बघत थांबू शकता. पीप म्हणजे दोरीत बसवलेली बारकी कडी, तिचं भोक ३ ते ६ मिलिमीटरच्या आसपास. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, तरुण माणसाची ७ मिलिमीटरपर्यंतसुद्धा, पण पीपचं भोक तेवढं कुठून होणार! भोकाचा व्यास निम्मा केला की प्रकाश पाव होतो. म्हणजे नेम धरणाऱ्या उजव्या डोळ्याला मिळतं काळपट चित्र, आणि डावा डोळा बाजूला मोकळा, त्याला मिळतं उजळ चित्र. मेंदू उजळ चित्राकडे वळतो. ज्याचा उजवा डोळा दुपारी अगदी पक्का डॉमिनंट होता त्याचीही पिन, म्हणजे पुढच्या साइटमधला नेम धरायचा ठिपका, पुसट होते, पीपची कडी विरघळल्यासारखी होते, सावज तेवढं मस्त दिसत राहतं, आणि वाटतं की धनुष्यातच काहीतरी बिघडलंय. मग माणूस काय करतो, मान किंचित उचलून पीपच्या वरून बघतो. डोळा वर, पिन तिथेच, म्हणजे बाणाचं तोंड वर, आणि बाण सावजाच्या पाठीवरून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसता जखमी करून जातो.

म्हणून शिकारीच्या धनुष्याला पीप मोठा घ्या. रेंजवर ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, थोडा सैल येईल, येऊ दे. पीपची गोल कडी आणि साइटची गोल फ्रेम एकात एक बसली पाहिजे, मग मोठ्या भोकातही डोळा मध्यावर राहतो. आणि सावज शोधताना, अंतर जोखताना, मधे आडवी फांदी आहे का बघताना दोन्ही डोळे उघडेच ठेवा, मंद उजेडात दोन डोळ्यांनी मिळून साधारण १.४ पट बरं दिसतं. डावा डोळा अर्धवट मिटायचा तो फक्त शेवटच्या काही क्षणांसाठी.

पिनचंही तसंच. फायबर पिन दुपारी छान वाटते, अंधारात तिच्यावर लाइट लावला की तिला प्रभावळ येते. ०.०१९ इंचाची पिन ३० मीटरवर खरं तर फक्त दोनेक सेंटीमीटर झाकते, पण प्रभावळीमुळे सावजाचा आख्खा खांदा झाकला जातो. लाइट अगदी मंद ठेवा. रंग म्हणाल तर संध्याकाळी डोळा लाल रंगाला आंधळा होत जातो आणि हिरवा त्यामानाने टिकतो, याला पुर्किंजे परिणाम म्हणतात, त्यामुळे लाइट नसेल तर हिरवी पिन. बाकी ज्यांना लाल-हिरव्यातला फरकच कमी कळतो त्यांनी सरळ आपल्याला दिसेल ती घ्यावी.

चाळिशी लागलेल्यांचं दुखणं वेगळंच. पीप डोळ्याजवळ, पिन हातभर लांब, सावज पार तिकडे, आणि डोळ्यातली लेन्स आता पटकन फोकस बदलत नाही. छोटा पीप घेतला तर पिनही स्पष्ट आणि सावजही बऱ्यापैकी स्पष्ट, पण उजेड गेला. मोठा घेतला तर उजेड आला, पिन धुरकट. यावर फुकटचा उपाय नाही. पीपमध्ये बसणारी लेन्स मिळते, तिने पिन स्पष्ट होते पण सावज जरा धूसर दिसतं, आणि माझ्या मते शिकारीला सावज स्पष्ट हवं, पिन थोडी धुरकट असली तरी चालते, कारण बाण कुठे जायचाय ते सावजावर ठरतं.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, प्रोग्रेसिव्ह चष्मा चालेल का. रोज घालताय तो बहुधा त्रास देईल. पूर्ण ओढल्यावर मान वळलेली असते, उजवा डोळा काचेच्या मधून न बघता नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, तिथे प्रोग्रेसिव्हमध्ये चित्र वाकडं दिसू शकतं नाहीतर सरळ फ्रेमची दांडीच आड येते. लांबच्या नंबरचा साधा, मोठ्या काचेचा वेगळा चष्मा करून घ्या, आणि करायला जाल तेव्हा नेम धरताना मान जशी वळते तशी वळवून दाखवा, म्हणजे काचेचा मध्य कुठे यायला हवा ते चष्मेवाल्यांना कळेल. धनुष्य सोबत नेऊ नका, नुसती पोझ पुरते.