एक हात दांडीवर

(दृश्य : भरलेला डबा. वर दांडीला धरलेले हात, खाली उजळलेल्या स्क्रीन.)

गॅजेटची परीक्षणं बहुतेक टेबलावर होतात. टेबल हलत नाही, रेंज चांगली असते, प्लग हाताशी असतो आणि दोन्ही हात मोकळे असतात. रोजच्या प्रवासात यातलं काहीच नसतं. एक हात दांडीवर, खांद्याला बॅग, डबा पत्र्याचा आणि चहूबाजूंनी माणसं. त्यामुळे घरी लाडकी असलेली वस्तू गर्दीत रडकुंडीला आणते, आणि एखादी साधी, बटणवाली वस्तू निमूट काम करत राहते. या कुरबुरींची कारणं शोधायला गेलं, तर निम्मी भौतिकशास्त्रात सापडतात आणि उरलेली आदल्या रात्रीच्या आळसात.

आधी आळसाचं बघू, ते लवकर संपतं.

गाणी, पॉडकास्ट, मालिकेचा पुढचा भाग हे सगळं रात्री वायफायवर उतरवून ठेवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सकाळी बोगद्यात ‘इंटरनेट जोडणी तपासा’ असं येतंच. कारण यादी डाऊनलोडला लावली जाते, पण ती पूर्ण झाली का ते कोणी बघत नाही. अर्ध्या वेळा ॲप मागे गेल्यावर फोनच्या बॅटरी-बचतीने डाऊनलोड थांबवलेलं असतं. खात्री करायची पद्धत एकच : घरीच फ्लाइट मोड लावायचा, वायफाय बंद असल्याचं बघायचं आणि फाइल चालवून पाहायची. काही संगीत सेवांना किमान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला भेटावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी दिसतात पण वाजत नाहीत. नकाशाचंही तसंच. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडी चालवणाऱ्याला रस्ता दाखवतो. बस किंवा रेल्वे कुठे बदलायची, हे तो इंटरनेटशिवाय सांगत नाही. नवीन ठिकाणी जायचं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा.

(दृश्य : प्रवेशद्वार. एक फोन टेकतो, लाल दिवा. पुन्हा टेकतो, लाल दिवा. मागे रांग.)

प्रवेशद्वारावरचा लाल दिवा हा सगळ्यात सार्वजनिक अपमान. टॅप करून जायच्या या यंत्रणा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांचा पल्ला जेमतेम काही सेंटीमीटरचा असतो. फोन झटक्यात फिरवून नेला की व्यवहार अर्धवट तुटतो. फोन टेकवून अर्धा सेकंद स्थिर धरायचा, तेवढं पुरतं. ॲन्टेना फोनभर पसरलेला नसतो, हे लक्षात घ्यायला हवं. आयफोनमध्ये तो वरच्या कडेला आहे, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मागे, कॅमेऱ्याच्या आसपास किंवा मध्यावर. धातूचं कव्हर किंवा चुंबकाने चिकटवलेली पट्टी मध्ये आली की संवाद संपला. कव्हरमध्येच दुसरं टॅपवालं कार्ड खोचलेलं असेल, तर वाचकयंत्राला एकाच वेळी दोन उत्तरं ऐकू येतात आणि ते दोघांनाही नाकारतं.

बँकेच्या कार्डाने थेट आत जाता येतं अशा ठिकाणी आणखी एक खोच आहे. तेच कार्ड फोनमध्ये आणि घड्याळात घातलं, तर प्रत्येकाला वेगळा आभासी क्रमांक मिळतो. आत जाताना घड्याळ आणि बाहेर पडताना फोन टेकवला की यंत्रणेच्या लेखी ते दोन अर्धवट प्रवासी असतात, आणि दोघांनाही जास्तीचं भाडं लागू शकतं. ज्याने आत, त्यानेच बाहेर.

इथे सुखाचीही एक बाब आहे. अनेक आयफोनमध्ये ‘एक्सप्रेस’ पद्धतीने ठेवलेलं प्रवासाचं कार्ड, फोन चार्जिंगअभावी बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत चालू शकतं. कमाल सोय आहे, पण ती आधी सेटिंगमध्ये निवडून ठेवावी लागते. फोन मेल्यावर ते जमत नाही.

आत शिरलो. आता कान.

(दृश्य : इअरबडचा जवळून शॉट. सिलिकॉनची टोपी, जाळी, माईकचं छिद्र.)

नॉइज कॅन्सलेशनची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. बाहेरचा आवाज माईकने टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकींना मारतील अशा बेताने कानात सोडायची. चाकांची घरघर, इंजिनाचा घुमारा, एसीची भुणभुण असे खालच्या पट्टीतले, सलग चालणारे आवाज यात छान विरतात. पण शेजारच्याचं फोनवरचं भांडण, बाळाचं रडणं किंवा वळणावर रुळांची किंचाळी विरत नाही. त्या लहरी लहान आणि चंचल असतात. उलटी लहर क्षणभर उशिरा आली तरी जोडी जुळत नाही. साधारण एक किलोहर्ट्झच्या वर सगळी भिस्त कानातल्या टोपीवर असते. इलेक्ट्रॉनिक्सचा तिथे फारसा हात पोहोचत नाही.

म्हणूनच ‘कॅन्सलेशन काहीच कामाचं नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुधा डबीत न वापरता पडलेल्या छोट्या पाकिटात असतं. सोबत सहसा तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक आधीच लावलेल्या मधल्या मापावर आयुष्य काढतात. दोन कान एकाच मापाचे असतीलच असं नाही. डाव्याला मोठी आणि उजव्याला मधली, हे अगदी चालतं. टोपी घट्ट बसली की बास भरून येतो, हीच खूण. चालताना सारखी निसटत असेल तर फोमच्या टोप्या घ्याव्यात. त्या बोटांत दाबायच्या, कानात सरकवायच्या आणि फुगेपर्यंत काही सेकंद धरून ठेवायच्या. मात्र फोम घाम शोषतो आणि काही महिन्यांत बदलावा लागतो.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला, तर लगेच नवीन जोडी शोधू नये. जाळीत मळ बसलेला असतो. टोपी काढायची, जाळी जमिनीकडे तोंड करून धरायची आणि मऊ, कोरड्या ब्रशने झटकायची, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. पाणी नको, टाचणी तर नकोच. एक बड चार्जच होत नसेल तर दोष डबीतल्या बारीक पिनांवर साठलेल्या घामाच्या क्षारांचा असतो. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की बहुतेक वेळा काम होतं.

बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणारा ‘ट्रान्स्परन्सी’ मोड फार जणांना आठवत नाही, आणि मग स्टेशनची घोषणा हुकते. हीसुद्धा नवी करामत नाही. १९७९ च्या पहिल्या सोनी वॉकमनवर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माईकमधून जवळच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं. त्याच यंत्राला दोघांना मिळून ऐकण्यासाठी हेडफोनची दोन भोकंही होती. आज तेवढंच साधायला दोन जोड्या आणि सेटिंगमधलं एक पान लागतं.

आवाजाच्या पातळीबद्दल एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. ९० डेसिबलला तीच मुदत ४ तासांवर येते. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणारे रोज नकळत दुसऱ्या आकड्याकडे सरकतात. घट्ट बसलेल्या टोपीचा खरा फायदा हा, की आवाज वाढवावासाच वाटत नाही.

(दृश्य : मागच्या खिशातला फोन. गाणं तुटतं, जुळतं, पुन्हा तुटतं.)

आता गर्दीतला ब्लूटूथ. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि गाण्यासाठी वापरला जाणारा नेहमीचा प्रकार ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतो. एक वाहिनी गजबजलेली असली तर दुसरीवर. डब्यात शेकडो फोन, घड्याळं आणि इअरबड हाच खेळ खेळत असतात. तरी खरा अडसर त्यांचा नाही, माणसाच्या अंगाचा आहे. शरीरात पाणी भरपूर आणि पाणी ही लहर गिळतं. फोन मागच्या उजव्या खिशात आणि मुख्य इअरबड डाव्या कानात, म्हणजे मध्ये आख्खा माणूस.

गंमत म्हणजे घरात हे जाणवत नाही, कारण भिंतींवरून परतलेली लहर कानापर्यंत पोहोचते. उघड्या फलाटावर परतायला भिंतच नसते, म्हणून तिथे गाणं जास्त तुटतं. उपाय फुकटचा आहे : फोन छातीच्या खिशात किंवा बॅगेच्या पुढच्या पट्ट्यावर आणायचा. तरी तुटत असेल, तर अँड्रॉइडमध्ये एलडॅक हा कोडेक (म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत) वापरणाऱ्यांनी सेकंदाला ९९० किलोबिटचा हट्ट सोडून ‘स्थिर जोडणी’ किंवा ३३० किलोबिट निवडावं, नाहीतर सरळ एएसी हा दुसरा कोडेक. चालत्या गाडीत त्यातला फरक ऐकू येतो असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, पण विश्वासही ठेवू नये.

फोनवर बोलायला घेतलं की त्याच इअरबडचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. तेव्हा जुना ब्लूटूथ एकाच जोडणीवर बोलणं पाठवतो आणि ऐकणंही, त्यामुळे गाण्याचा दर्जा गुंडाळून एकसुरी, अरुंद आवाजावर येतो. वस्तू खराब झालेली नसते.

बोगद्यात रेंज नाहीशी होते, पण बॅटरी मात्र दुप्पट वेगाने संपल्यासारखी वाटते. टॉवर ऐकू येईना की फोन शोधमोहीम काढतो, आणि क्षीण रेंजवर जास्त ताकदीने ओरडतो. धातूचा डबा आणि उन्हाची उष्णता अडवणारी लेप दिलेली काच रेंज आणखी दाबतात. मोठा बोगदा ठरलेला असेल तर फ्लाइट मोड लावून ब्लूटूथ तेवढा पुन्हा चालू करायचा. बऱ्याच फोनना ही निवड पुढच्या वेळी आठवते.

(दृश्य : पॉवर बँकेचा मागचा भाग. बारीक अक्षरांतले आकडे मोठे होत जातात.)

आणि मग पॉवर बँक, जिच्यावरून सगळ्यात जास्त फसवल्यासारखं वाटतं. वर मोठ्या अक्षरात १०,००० एमएएच, फोनची बॅटरी ५,००० एमएएच, तर दोनदा चार्ज व्हायला हवा. होतो सव्वा ते दीड वेळा. लबाडी म्हणाल तर अर्धीच आहे. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॉट-अवर ऊर्जा. केबलमधून ती ५ व्होल्टवर जाते, तेव्हा तीच ऊर्जा ७,४०० एमएएच भरते. रूपांतरात काही टक्के उष्णता होऊन जातात, फोनच्या आतल्या चार्जिंगमध्ये आणखी काही. खरेदी करताना बारीक अक्षरातली ‘रेटेड कपॅसिटी’ वाचावी, खरा हिशेब तिथे असतो. विमानाने जाणाऱ्यांनी वॉट-अवर बघावेत : सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवरची, आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच.

इअरबडची डबी जोडली की पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद होते, ही दुसरी कटकट. डबी इतका कमी प्रवाह ओढते, की पॉवर बँकेला वाटतं कोणी जोडलेलंच नाही. अनेक मॉडेलांत बटण दोनदा दाबलं किंवा काही सेकंद धरलं की कमी प्रवाहाचा मोड लागतो. पॉवर बँक फुगलेली दिसली तर ती वापरायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

केबल बसत नाही, हलवली की चार्जिंग जातं, ही तक्रार घेऊन लोक थेट दुरुस्तीला जातात. खिशातला कापसासारखा धागा टाइप-सीच्या भोकात शिरतो आणि प्रत्येक वेळी पिन खुपसताना तळाशी ठासला जातो. फोन बंद करून बारीक लाकडी किंवा प्लास्टिकची काडी कडेकडेने फिरवायची. मधली पातळ जीभ आहे तिला धक्का लावायचा नाही, कारण संपर्क तिच्यावर असतात. निघणारा गोळा पाहून समाधान मिळतं, ते वेगळंच. आणि गर्दीत फूटभर लांबीची केबल पुरते. मीटरभर केबल कोणाच्या तरी बॅगेत अडकतेच.

दुचाकीवाल्यांसाठी थोडंसं. हँडलवर घट्ट बसवलेल्या फोनपर्यंत इंजिनाची थरथर पोहोचते आणि कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर करणारी यंत्रणा त्याने बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. कंप शोषणारा माउंट घ्यावा. कडक उन्हात नकाशा, पूर्ण उजेड आणि चार्जिंग हे तिन्ही एकत्र चालवलं की फोन तापतो, स्क्रीन मंदावते, चार्जिंग थांबतं.

पावसात स्क्रीन भलतीकडेच दाबली जाते, कारण थेंबही बोटासारखाच विजेचा भार हलवतो. अशा वेळी इअरबडवरचं किंवा फोनच्या कडेचं खरं बटण देवासारखं वाटतं. भोकात ओल गेल्याची सूचना आली तर भोक खाली करून हलकेच टपटपवायचं आणि हवेवर वाळू द्यायचं. तांदळाच्या डब्यात घालू नये, पीठ आत जातं.

(दृश्य : खिडकीची जागा. ई-इंक रीडरवर सरळ ऊन.)

बसायला जागा मिळाली की ई-इंक रीडरची, म्हणजे कागदासारखी स्क्रीन असलेल्या वाचनयंत्राची पाळी. ऊन जितकं जास्त, तितकं त्यावर स्वच्छ दिसतं, आणि वीज पान उलटतानाच खर्च होते. उभ्याने वाचणाऱ्यांनी पान उलटायला कडेला बटण असलेलंच मॉडेल घ्यावं. अंगठा स्क्रीनवर नेताना रीडर हातातून सुटतो. वाचताना मळमळत असेल तर डोळे स्थिर अक्षरं सांगतात आणि कानातला तोल हालचाल सांगतो, हे भांडण त्याचं कारण. आयओएस १८ मध्ये त्यावर कडेने हलणाऱ्या ठिपक्यांची सोय आली आहे. गाडी वळली की ठिपके सरकतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण लावून बघायला काही जात नाही.

घड्याळाने पावलं कमी मोजली म्हणून रुसू नये. ते मनगटाचं हेलकावणं मोजतं. हात सरकत्या जिन्याच्या कठड्यावर किंवा बॅगेच्या पट्ट्यावर स्थिर असेल, तर पावलं निसटतात.

बॅगेत हरवलेली वस्तू शोधणारा टॅग असेल, तर त्यातला सीआर२०३२ सेल साधारण वर्षभर टिकतो. नवीन घालूनही टॅग मुका राहिला, तर सेलवर कडू लेप आहे का ते पाहावं. लहान मुलांनी गिळू नये म्हणून तो देतात, पण एअरटॅगसारख्या काही टॅगमध्ये त्यामुळे संपर्क होत नाही. बिनलेपाचा घ्यायचा, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा.

उतरून कामाच्या जागी पोहोचलं, लॅपटॉप उघडला, की चालू पॉडकास्ट गप्प होतो आणि इअरबड लॅपटॉपकडे पळतात. दोन यंत्रांशी एकत्र जोडलेल्या मल्टिपॉइंटचा हा गुण. लॅपटॉपवर आलेली एखादी ‘टिंग’ही त्यांना खेचून नेते. लॅपटॉपचे सूचनांचे आवाज त्याच्या स्वतःच्या स्पीकरवर वळवावेत, किंवा इअरबडच्या ॲपमध्ये मल्टिपॉइंट बंद करून टाकावा.